विमानाचं तोंड आणि वेगाचा सौदा

भारतीय हवाई दलात १९६३ साली आलेलं मिग-२१ उंचावर आवाजाच्या दुप्पट वेगाने, माख २.०५ ने जायचं. ११ किलोमीटर उंचीवर हा वेग ताशी २,१७५ किलोमीटरच्या घरात भरतो. आजचं जगातलं सर्वांत चर्चेतलं लढाऊ विमान, अमेरिकेचं एफ-३५, अधिकृतपणे माख १.६ च्या पुढे जात नाही. आपलं तेजसही १.६. फ्रान्सच्या दासो कंपनीने आधी केलेलं मिराज २००० माख २.२ गाठतं, आणि त्याच कंपनीचं नंतरचं, कितीतरी महागडं राफेल १.८ वर थांबतं. साठ वर्षांत संगणक आले, नवे मिश्रधातू आले, इंजिनांची ताकद वाढली, आणि वेग मात्र कमी झाला. शाळकरी मुलगाही विचारील, ही कसली प्रगती?

सेवाग्राम आणि पवनारच्या वर्धा जिल्ह्यात लढाऊ विमानांवर व्याख्यान ठेवणं काहींना विसंगत वाटेल. पण देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा कोठारांपैकी एक याच जिल्ह्यात, पुलगावला आहे. हवाई दलाच्या अनुरक्षण कमानचं मुख्यालय शेजारच्या नागपुरात आहे आणि राफेल बनवणाऱ्या दासोचा भागीदारीतला कारखाना तिथल्याच मिहानमध्ये. तेव्हा विषय वर्धेकरांना वाटतो तेवढा परका नाही. शिवाय या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा तुकडा महाराष्ट्रातच, नाशिकजवळच्या ओझरला, हातोड्या-रिव्हेटांनी ठोकून तयार झालेला आहे.

उत्तराची सुरुवात विमानाच्या तोंडापासून होते. तोंड म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा इनटेक. तेजसचं इंजिन जमिनीलगत पूर्ण जोर लावतं तेव्हा सेकंदाला ६५ ते ७० किलो हवा ओढतं. एवढी हवा एका मध्यम खोलीत मावेल. पण जेट इंजिनाची एक खोड आहे. विमान कितीही वेगात जावो, इंजिनाच्या पहिल्या पंख्यापाशी येणारी हवा माख ०.४ ते ०.५ च्या आसपासच हवी. त्याहून वेगवान हवा आली की पात्यांवरचा प्रवाह बिघडतो, इंजिन धडधडतं, कधी बंदच पडतं. म्हणजे विमान माख २ ने जात असेल तर समोरून दुप्पट आवाजाच्या वेगाने आदळणारी हवा दोन-चार मीटरच्या नळीत चौथाईवर आणायची, आणि तीही तिच्यातली ऊर्जा वाया न घालवता. इनटेकचं काम हवा आत घेणं एवढंच समजणाऱ्याने अर्धंच काम पाहिलेलं असतं. खरं काम हवा नीट थोपवणं हे आहे.

स्वनातीत हवा मुकाट्याने मंदावत नाही. तिच्या वाटेत अडथळा आला की आघाततरंग तयार होतो. हा कागदापेक्षाही पातळ थर ओलांडताना हवेचा दाब आणि तापमान एकदम चढतं, वेग एकदम पडतो. हा तरंग प्रवाहाला काटकोनात उभा राहिला तर हवा एका फटक्यात आवाजाच्या वेगाखाली येते, पण या फटक्यात एकूण दाबाचा काही भाग कायमचा हरवतो. माख १.३ ला हा तोटा जेमतेम २ टक्के. १.६ ला सुमारे १० टक्के. माख २ ला २८ टक्के, आणि माख ३ ला दोन तृतीयांश. इनटेकमध्ये एक टक्का दाब गेला की इंजिनाचा रेटा एक टक्क्याहून थोडा अधिकच घटतो. उलट हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढत असतो. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे विमानाचा कमाल वेग संपतो.

यावर जुना उपाय असा: एका मोठ्या फटक्याऐवजी हवेला दोन-तीन तिरके, सौम्य फटके द्यायचे. समोर शंकू किंवा उतरती फळी ठेवली की तिच्यावर तिरपे तरंग उमटतात, हवा टप्प्याटप्प्याने मंदावते आणि शेवटचा काटकोनी तरंग दुबळा राहतो. माख २ लासुद्धा नव्वद टक्क्यांच्या पुढे दाब वाचतो. अडचण एकच. वेग बदलला की तिरप्या तरंगाचा कोन बदलतो. म्हणून शंकू किंवा फळी हलती हवी.

नाही हलवली तर काय होतं? हिंगणघाटच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचं फाटक ऐन कापसाच्या हंगामात पाहावं. फाटकाची रुंदी ठरलेली, काट्यावर एका तासात किती गाड्या तोलायच्या तेही ठरलेलं. गाड्या जास्त आल्या की त्या रस्त्यावर पसरतात आणि सगळी वाहतूक तुंबते. ठरलेल्या मापाच्या तोंडापुढे इंजिनाला नको असलेली हवा अशीच बाहेर सांडते, आणि सांडताना विमानाला मागे ओढते. कमी वेगाला नेमका उलटा त्रास होतो. उड्डाणाच्या क्षणी इंजिन भुकेलं असतं आणि अतिवेगासाठी बेतलेलं तोंड अरुंद पडतं. म्हणूनच कित्येक विमानांच्या बाजूला फक्त उड्डाणापुरती उघडणारी छोटी दारं असतात.

मिग-२१ मध्ये हा सगळा खेळ नाकातच होता. नाकाच्या वर्तुळाकार तोंडातून एक टोकदार शंकू बाहेर डोकावायचा. पहिल्या आवृत्तीत त्याच्या तीनच जागा ठरलेल्या होत्या. पुढच्या आवृत्त्यांत तो वेगाप्रमाणे आपोआप, सलग मागेपुढे सरकू लागला. वेग वाढेल तसा शंकू पुढे येतो आणि त्याचा तरंग तोंडाच्या कडेवर नेमका टेकतो. याच शंकूच्या पोटात रडार बसवलेलं होतं. शंकू मोठा केला तर हवेला वाट उरत नाही, म्हणून रडारची तबकडी लहान, म्हणून रडारची नजरही तोकडी. एकदा तोंड कुठे ठेवायचं हे ठरलं की वैमानिकाला शत्रू किती लांबून दिसणार हेही तिथेच ठरून जातं. मिग-२१ चा वेग सगळ्यांना पाठ असतो, पण ही किंमत फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही.

ही विमानं भारतात बनवायचा कारखाना उभा राहिला तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि १९६३ साली ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विभाग ओझरला उभा राहिला, इंजिनांचा कारखाना ओडिशात कोरापुटला. नाशिककर अजून त्या वसाहतीला ‘ओझर मिग’ म्हणतात आणि तिथल्या माणसाची ओळख ‘मिगमध्ये नोकरीला’ अशी करून देतात. मिग-२१ एफएल, मग एम, मग बिस अशा तीन पिढ्या तिथून बाहेर पडल्या. त्यानंतर आलं मिग-२७. रडारपासून लपण्याचा, म्हणजे स्टेल्थचा, प्रश्न नीट समजून घ्यायचा तर हेच विमान जवळून पाहायला हवं, जरी त्याचा स्टेल्थशी काडीचाही संबंध नव्हता.

मिग-२७ म्हणजे मिग-२३ चंच भावंड. पंख तेच, मागेपुढे होणारे. इंजिनाचं घराणंही तेच, आर-२९. पण मिग-२३ च्या इनटेकच्या तोंडाशी मोठ्या उभ्या फळ्या होत्या आणि त्या वेगाप्रमाणे सरकायच्या. ते माख २.३५ पर्यंत जायचं. मिग-२७ तयार करताना रशियन अभियंत्यांनी त्या फळ्या काढून टाकल्या. त्याबरोबर त्या सरकवणारी हायड्रॉलिक यंत्रणा गेली, तिचं नियंत्रण गेलं, तिचं वजन गेलं. इंजिनामागचं जेट बाहेर सोडणारं नळकांडंही साधं, दोनच स्थितींचं केलं. कमाल वेग उतरून माख १.७ च्या आसपास आला. कारण हे विमान उंचावर पाठलाग करण्यासाठी नव्हतंच. झाडाच्या शेंड्यालगत येऊन रणगाड्यांवर आणि पुलांवर बॉम्ब टाकायचे एवढंच त्याचं काम, आणि जमिनीलगतच्या दाट हवेत माख २ कुणालाच जमत नाही. मग न वापरायच्या वेगासाठी शेकडो किलो लोखंड कशाला वाहायचं? वाचलेल्या वजनाच्या जागी चिलखत आणि बॉम्ब आले. ओझरला अशी १६५ विमानं बनली. भारतात त्यांना ‘बहादूर’ म्हणत. २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरला त्यांनी निरोप घेतला.

हा सौदा कुणाला अपमानास्पद वाटला नाही, हे लक्षात घ्यावं. ‘वेग कमी झाला’ अशी बातमी तेव्हा छापली गेली नाही.

अमेरिकेने असाच सौदा त्याच सुमारास केला, पण वेगळ्या कारणासाठी, आणि त्याचा स्टेल्थशी थेट संबंध होता. बी-१ए हे बॉम्बफेकी विमान हलत्या फळ्यांच्या इनटेकमुळे माख २.२ पर्यंत गेलं होतं. जून १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तो प्रकल्प रद्द केला. १९८१ मध्ये रेगन यांनी तो पुन्हा काढला, पण नव्या बी-१बी मध्ये हलत्या फळ्या नव्हत्या. तोंड पक्कं केलं, आणि आतल्या नळीत नागमोडी पट्ट्या बसवल्या, जेणेकरून रडारच्या लहरी सरळ इंजिनाच्या पंख्यावर पोहोचू नयेत. वेग माख १.२५ वर आला. म्हणजे जवळजवळ एक माख खर्ची पडला, आणि त्या मोबदल्यात रडारवर दिसणारी प्रतिमा पुष्कळ लहान झाली.

रडारला पंख्याचं एवढं आकर्षण का? समोरून पाहिलं तर लढाऊ विमानातला सर्वांत ठळक परावर्तक बहुधा इंजिनाचा पहिला पंखाच असतो. सरळ नळीतून आत शिरलेली लहर पात्यांवर आपटून त्याच नळीतून परत बाहेर येते. वर पाती फिरत असल्यामुळे परतलेल्या लहरीवर त्यांच्या गतीचा ठसा उमटतो, आणि त्यावरून काही रडार समोरचं विमान कोणतं हेसुद्धा ओळखतात. एफ-११७ या पहिल्या स्टेल्थ विमानाच्या तोंडांवर बारीक जाळीच बसवली होती. लहरींना आत वाट नाही, हवेला आहे. पण जाळीतून जाताना हवाही अडखळायची, आणि एफ-११७ आवाजाच्या वेगाच्या आतच राहिलं. पुढच्या विमानांनी जाळी टाकून नळीलाच इंग्रजी एस अक्षरासारखा बाक दिला. बाकामागे पंखा झाकला जातो, आणि नळीच्या आतल्या लहर शोषणाऱ्या थरावर लहर आपटत-आपटत क्षीण होते. यालाही किंमत आहेच. बाक घालायला नळी लांब हवी, विमानाच्या पोटातली जागा तिने खाल्ली, आणि वळणावर प्रवाह भिंतीपासून सुटला तर पंख्याच्या एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी.

हलत्या फळीची अडचण यापुढची आहे. फळी सरकायची तर तिच्याभोवती फट हवी. जास्तीची हवा बाहेर सोडायला दारं हवीत, त्या दारांच्या कडा आल्या, बिजागऱ्या आल्या. प्रत्येक फट आणि प्रत्येक कड रडारला उत्तर देते. विमानाच्या अंगालगत सरपटणारी मंद हवा इंजिनात जाऊ नये म्हणून जुन्या विमानांत तोंड अंगापासून काही इंच दूर ठेवत. सुखोई-३० च्या चित्रात ती फट सहज दिसते. स्टेल्थ अभियंत्याच्या दृष्टीने तीही एक उघडी खिडकीच. सुखोई-३० चं उत्पादन ओझरला २००४ पासून सुरू झालं. त्याचा इनटेक हा जुन्या कलेचा सुंदर नमुना आहे. आत हलत्या फळ्या आहेत, आणि धावपट्टीवरचे खडे आत जाऊ नयेत म्हणून उड्डाणाच्या वेळी वर उठणारी धातूची जाळी आहे. रडारच्या बाबतीत मात्र तो उघडाच आहे.

अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीच्या अभियंत्यांनी यावर काढलेला तोडगा पाहायला अगदीच साधा वाटतो. तोंडाच्या आत, विमानाच्या अंगावर, त्यांनी एक गुळगुळीत फुगवटा ठेवला. फुगवट्यावर दाबाची रचना अशी होते की मंद हवा बाजूला ढकलली जाते. फट नको, फळी नको, दार नको, हलणारा एकही भाग नको. डिसेंबर १९९६ मध्ये हा इनटेक एका एफ-१६ वर बसवून उडवला गेला आणि त्या चाचण्यांत विमान माख २ पर्यंत गेलं. पुढे एफ-३५ ने हेच तोंड घेतलं. चीनच्या जे-२० वर आणि पाकिस्तानच्या जेएफ-१७ वरही तशाच फुगवट्याचे इनटेक आहेत.

इथे एक लोकप्रिय समज खोडून काढायला हवा. ‘स्थिर इनटेक म्हणून वेग १.६’ असं सरळ समीकरण लिहिणारे पुष्कळ सापडतात, आणि ते चूक आहे. एफ-१६ चं तोंड अगदी साधं, एकही हलती फळी नाही, तरी ते माख २ गाठतं. एफ-२२ स्टेल्थ आहे, त्याचा इनटेक स्थिर आहे, आणि अमेरिकी हवाई दल त्याला माख २ च्या श्रेणीतलं म्हणतं. इंजिनात रेट्याची बक्कळ शिल्लक असेल तर दाबाचा तोटा सोसूनही विमान पुढे जातं. एफ-३५ ला शस्त्रं आणि खूप इंधन पोटात वाहायचं, त्यामुळे ते जाडजूड, आणि इंजिन एकच. तोंडाने उतार लावला, पण विमान कुठे थांबलं ते रेटा आणि विरोधाने ठरवलं. याच्या उलट बाजूचा दाखला बंगळुरूचा आहे. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी आखलेलं मरुत विमान जून १९६१ मध्ये उडालं, ते माख २ च्या इराद्याने. पण हवं तसं इंजिन कधी मिळालंच नाही आणि ते माख १ च्या उंबरठ्यावर अडलं.

आणखी एक हिशेब उष्णतेचा. ११ किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंश सेल्सियस असते. विमान माख १.६ ने गेलं तर नाकावर अडलेली हवा ५४ अंशांवर जाते. वैशाखातल्या वर्ध्याहून थोडी अधिक. माख २ ला हाच आकडा ११७ अंश, माख २.५ ला २१४ आणि माख ३ ला ३३० च्या पुढे. स्टेल्थ विमानाचं अंग संमिश्र पदार्थांचं आणि त्यावर रडार शोषणारा थर. एफ-३५ च्या नौदलाच्या आणि सरळ वर उडणाऱ्या, अशा दोन आवृत्त्यांना फार उंचावर दीर्घकाळ स्वनातीत वेगाने गेल्यावर शेपटाच्या थराला इजा होण्याचा धोका चाचण्यांत दिसला. पेंटागॉनने तो दोष दुरुस्त न करता त्या वेगात घालवायच्या वेळेवरच मर्यादा घातली. तिथे इनटेकचा काहीच दोष नव्हता.

मग खरा वेग हवा असेल तर तोंड कसं लागतं, हे एसआर-७१ ने दाखवलं. त्या हेरगिरी विमानाचे शंकू माख १.६ नंतर मागे सरकू लागायचे आणि माख ३.२ ला ६६ सेंटिमीटर आत गेलेले असायचे. त्या वेगाला एकूण रेट्याचा अर्ध्याहून मोठा वाटा इंजिनापेक्षा इनटेकच उचलायचा. तरंग जागचा हलला तर विमान एका बाजूला असं झटकन फेकलं जायचं की वैमानिकाचं शिरस्त्राण काचेवर आपटायचं. भारताकडेही या पंथातलं एक विमान होतं. बरेलीच्या मिग-२५ चा वेग माख २.८ च्या वर होता, आणि १९८१ ते २००६ एवढा काळ वेग आणि उंची हेच त्याचं संरक्षण होतं. ते लपण्याच्या भानगडीत कधी पडलं नाही.

रशियाच्या सुखोई-५७ ने मधला रस्ता धरला आहे. त्याचा इनटेक हलता आहे, आणि पंख्यापुढे लहरी अडवणारा पडदा आहे. वेग जपला, लपणं थोडं सोडलं. भारत २०१८ मध्ये त्या विमानाच्या संयुक्त प्रकल्पातून बाहेर पडला आणि एएमसीए या स्वतःच्या स्टेल्थ लढाऊ विमानावर भर दिला. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीने त्याच्या नमुना विमानांना मंजुरी दिली. बंगळुरूच्या वैमानिकी विकास संस्थेने त्यासाठी फुगवट्याचा स्थिर इनटेक आणि बाकदार नळी निवडली आहे. तेजसच्या दुहेरी नळीतही इंजिन बऱ्यापैकी झाकलं जातं, त्यामुळे या कामाचा काही अनुभव आपल्या अभियंत्यांच्या गाठीशी आहे. ओझरलाही आता तेजसची मालिका सुरू झाली असून तिथल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केलं.

एएमसीएपुढचा सर्वांत चिवट प्रश्न इंजिनाचा आहे, आणि तो पुन्हा तोंडाशीच येऊन मिळतो. पहिली विमानं जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४१४ वर उडतील. ते सेकंदाला साधारण ७७ किलो हवा घेतं. नंतरच्या विमानांसाठी त्याहून ताकदवान, फ्रान्सच्या सहकार्याने होऊ घातलेलं इंजिन हवं आहे, आणि ताकद वाढली की हवेची भूकही वाढणार. हलता इनटेक असा फरक थोडाफार सावरून घेतो. स्थिर तोंडाला ती सोय नाही. अमेरिकेला एफ-१६ वर हेच भोगावं लागलं. प्रॅट अँड व्हिटनीच्या जागी जनरल इलेक्ट्रिकचं जास्त हवा खाणारं इंजिन बसवलं तेव्हा इनटेकच रुंद करावा लागला, आणि तळांवरचे तंत्रज्ञ त्या विमानांना ‘बिग माउथ’ म्हणू लागले. तिथे निदान तोंड बदलण्याची मुभा होती. स्टेल्थ विमानात तोंडाच्या कडांचे कोन पंखांच्या कडांशी जुळवलेले असतात, नळीचा बाक इंधनाच्या टाक्या आणि शस्त्रांच्या कप्प्यांमधून वाट काढत गेलेला असतो. तिथे तोंड चार बोटं रुंद करायचं म्हणजे निम्मं विमान पुन्हा आखायचं. त्यामुळे अजून पूर्ण न झालेल्या इंजिनाची भूक किती असेल हे बंगळुरूच्या अभियंत्यांना आत्ताच ठरवावं लागणार आहे.